एक हात बाळावर

डायपर बदलताना माणसाचा एकच हात मोकळा असतो. दुसरा बाळाच्या पोटावर असतो आणि तो तिथून काढायचा नसतो. हॉटेल, मॉल, दवाखाना, मंगल कार्यालय किंवा एसटी स्टँडच्या स्वच्छतागृहात तान्ह्या बाळांची सोय करायची ठरली, की मालक किंवा आर्किटेक्ट आधी कॅटलॉग उघडतो आणि भिंतीवर बसवायची फळी निवडतो. माझं म्हणणं असं, की फळी सगळ्यात शेवटी निवडावी. आधी त्या एका मोकळ्या हाताचा विचार करावा. त्याला काय काय करायचं आहे आणि ते सगळं त्याच्या टप्प्यात आहे का?

त्या हाताला कामं पुष्कळ असतात. पिशवी अडकवायची, तिची चेन उघडायची, दुपटं काढून अंथरायचं. घाण डायपर सोडवायचं, पुसायचं, धुवायचं, कोरडं करायचं. घाण डायपर गुंडाळून टाकायचं, नवं लावायचं, चड्डी चढवायची. तोवर बाळ काही स्वस्थ पडून राहत नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळं कुशीवर वळू लागतात, आणि पहिल्यांदा नेमकं कधी वळेल हे आईलाही सांगता येत नाही. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे ते कमरेएवढ्या उंचीवरून टाइल्सवर पडलं तर मार डोक्याला लागण्याची भीती जास्त. म्हणूनच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना बजावते, की फळीचा पट्टा बांधलेला असला तरी बाळावरचा हात काढू नका. पट्टा हवाच, पण त्याच्या भरवशावर आईने चार पावलं दूर जाऊन पाणी आणावं अशी मांडणी चालणार नाही.

आज मॉलमध्ये दिसते ती घडीची फळी अमेरिकेत १९८०च्या दशकात रुळली. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये सुरू झालेल्या कोआला केअर या कंपनीने ती घराघरात नव्हे, पण हॉटेला-हॉटेलांत पोहोचवली. पुढे स्वच्छतागृहांचं साहित्य बनवणाऱ्या बॉबरिक या जुन्या कंपनीने कोआला केअर विकत घेतली. फळीचे मुख्य प्रकार दोन. आडवी फळी भिंतीला समांतर उघडते. बाळ भिंतीलगत आडवं झोपतं आणि आई त्याच्या कुशीशी उभी राहते. ती साधारण ९० सेंटिमीटर रुंद असते, मिटलेली असताना भिंतीपासून दहाएक सेंटिमीटर पुढे येते आणि उघडल्यावर पन्नास-पंचावन्न. उभी फळी भिंतीवर कमी जागा घेते, पण उघडली की खोलीत सरळ पुढे येते आणि बाळाचे पाय आईकडे होतात. जागा चिंचोळी असेल तर उभी घ्यावी लागते. जागा असेल तर मी आडवीच सुचवेन, कारण आईचं पोट फळीला टेकतं आणि बाळाच्या उघड्या बाजूला तिच्या अंगाचीच आड होते.

प्लास्टिकची फळी घ्यायची की स्टीलची? प्लास्टिक, म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन, हाताला गार लागत नाही, वजनाला हलकं असतं आणि बहुतेक ठिकाणी पुरतं. जिथे दिवसभर वर्दळ असते आणि कुणी फळीवर चावीने नाव कोरण्याचीही शक्यता असते, त्या स्टँडवर आणि स्टेशनवर स्टील टिकतं. पण थंडीत उघड्या स्टीलवर बाळ ठेवलं की ते दचकून रडतं, तेव्हा स्टीलच्या फळीत बाळ झोपतं तो भाग प्लास्टिकचाच असलेला बरा. ‘अँटिमायक्रोबियल’ असा शिक्का पाहून जास्त पैसे मोजू नयेत. प्लास्टिकमध्ये मिसळलेलं ते द्रव्य मुख्यतः फळीवर वास आणि डाग धरू नयेत म्हणून असतं. त्याने पुसण्याचं काम वाचत नाही. खरी तपासायची वस्तू आतली आहे. फळी सोडली की धाडकन खाली येते, की गाडीच्या डिकीसारख्या गॅस स्प्रिंगवर सावकाश उतरते? बाळ कडेवर असताना फळी एकाच हाताने उघडावी लागते. ती झटक्याने सुटली तर बोटं तरी सापडतात, नाहीतर खाली उभ्या असलेल्या मोठ्या भावंडाचं डोकं.

विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागावं. व्यावसायिक वापराच्या फळ्यांसाठी अमेरिकेत एएसटीएम एफ २२८५ हे मानक आहे. युरोपचं ईएन १२२२१ हे मानकही दाखवलं जातं, पण ते घरगुती वापराच्या टेबलांसाठी आहे. घरात एकच बाळ असतं, हॉटेलात रोज वेगळी येतात, आणि त्यांच्याबरोबर फळीवर कोपर टेकणारे, जड पिशवी ठेवणारे, मोठं मूल बसवणारेही येतात. नामवंत कंपन्या नव्वद किलो किंवा त्याहून जास्त स्थिर वजनाची हमी देतात ती यामुळेच. बाळ वर्षाचं झालं तरी त्याचं वजन नऊ-दहा किलोच असतं.

मात्र ही हमी फळीची असते, भिंतीची नव्हे, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो भिंतीत. उघडी फळी म्हणजे भिंतीतून पुढे आलेला दांडा. टोकावर भार पडला की खालची कड भिंतीला रेटते आणि वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात. फळी जितकी पुढे येते तितकी ही ओढ वाढते, आणि ती टेकलेल्या वजनाहूनही जास्त होऊ शकते. जुन्या विटांच्या भिंतीत चांगला अँकर फास्टनर ही ओढ सहज पेलतो. पण नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बहुधा हलक्या ठोकळ्यांच्या असतात, साइटवर ज्यांना एएसी ब्लॉक किंवा सिपोरेक्स म्हणतात. हे ठोकळे हाताच्या करवतीने कापता येतात इतके मऊ. त्यात साधा रावळप्लग मारून स्क्रू आवळला तर सुरुवातीला घट्ट वाटतो आणि काही महिन्यांत भोक मोठं होऊन डुगडुगायला लागतो. अशा ठोकळ्यांसाठी वेगळे, लांब अँकर मिळतात किंवा भोकात रसायन भरून सळई बसवतात. जिप्समच्या पार्टिशनवर तर आत प्लायवूडची जाड पाटी किंवा लोखंडी फ्रेम आधीच घातलेली हवी. टाइल्स लागल्यावर हे आठवलं तर टाइल्स फोडाव्या लागतात आणि ते टाळायला कुणीतरी चार जास्त स्क्रू मारून वेळ मारून नेतं. बाळाच्या सोयीची जागा प्लंबिंगच्या नकाशावरच दाखवावी ती एवढ्यासाठी.

उंचीचंही तसंच. फिटर फळी बसवतो ती टाइल्सच्या जोडरेषेला धरून, कारण ती दिसायला सरळ दिसते. अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांच्या नियमांनुसार उघड्या फळीचा पृष्ठभाग जमिनीपासून ७१ ते ८६ सेंटिमीटरच्या दरम्यान असावा लागतो आणि समोर ७६ बाय १२२ सेंटिमीटर मोकळी जागा लागते, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरची आईसुद्धा फळीशी येऊ शकते. त्याच नियमांत आणखी एक बारकावा आहे. भिंतीवरची वस्तू १० सेंटिमीटरहून जास्त पुढे आलेली असेल आणि तिची खालची कड गुडघ्याच्या वर असेल, तर अंध व्यक्तीच्या काठीला ती कळत नाही आणि थेट अंगाला लागते. उघडी राहून गेलेली फळी नेमकी अशीच वस्तू असते. जाण्यायेण्याच्या वाटेवर ती बसवूच नये. उंचीसाठी आपल्याकडे मी ८० ते ८५ सेंटिमीटर धरेन. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि कोपराच्या थोडं खाली हात चालले तर पाठीत वाक येत नाही. सिझेरियन होऊन महिना-दोन महिने झालेल्या बाईला हा वाक किती महाग पडतो ते तिलाच विचारावं.

आता पाणी. परदेशातून आलेली फळी ओल्या वाइप्सचं पाकीट गृहीत धरते. आपल्याकडे कितीतरी आया शी पुसून थांबत नाहीत, धुतात. प्रवासात डायपर वापरणारी आईसुद्धा घरी लंगोट बांधते आणि पाण्याने स्वच्छ केल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. त्वचेलाही पाणी मानवतं. म्हणून आपल्याकडच्या सोयीत फळीच्या शेजारी, हातभर अंतरावर, बेसिन हवं. ते नेहमीच्या हात धुण्याच्या बेसिनपेक्षा खोल असावं, नळ उंच मानेचा आणि कोपराने उघडता येईल अशा लांब दांड्याचा असावा. जमलं तर छोटा गीझर. पावसाळ्यात महाबळेश्वरला किंवा डिसेंबरात नाशिकला टाकीतलं गार पाणी बाळाच्या अंगावर घालणं नको वाटतं. मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी फळी दाराशी आणि बेसिन समोरच्या भिंतीला असतं. मग आई ओल्या बाळाला काखेत धरून, मधल्या ओल्या फरशीवरून, चपला सांभाळत जाते. सगळ्यात घसरडं अंतर तेच.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या घरांत कमरेएवढ्या टेबलावर बाळाचं काही करायची पद्धत आहे का? आजी किंवा मालिशवाली बाई पाटावर बसते, पाय लांब करते आणि पायांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालते. दुपटं बदलणं होतं ते जमिनीवरच्या सतरंजीवर किंवा पलंगावर. या पद्धतीत बाळ पडायला फारशी उंची नसते. म्हणून जिथे जागा आहे, म्हणजे स्टँडवरचा कक्ष, सरकारी रुग्णालयातली बाह्यरुग्ण विभागाशेजारची खोली, देवस्थानाची धर्मशाळा, तिथे विकतची फळी शोधण्यापेक्षा गवंड्याकडून ओटा बांधून घ्यावा. भिंतीलगत साठ-सत्तर सेंटिमीटर खोल आणि दीड-दोन मीटर लांब, उंची खुर्चीच्या बैठकीएवढी, वर कडाप्पा किंवा ग्रॅनाइट. त्यावर रेक्झिनची धुता येणारी गादी, आणि तिन्ही बाजूंना तळहाताएवढी उंच कड. आई ओट्यावर बाळाशेजारी बसते. दोन आया एका वेळी बसू शकतात, बरोबरची आजीही टेकू शकते. बिजागरी नाही, गॅस स्प्रिंग नाही, सुटे भाग मागवायचे नाहीत. छोट्या हॉटेलात एवढी जागा मिळणार नाही, तिथे घडीची फळीच योग्य.

डायपर टाकायचं कुठे हे ठरवलेलं नसेल तर ते कमोडमध्ये जातं. त्यातली पांढरी भुकटी, सोडियम पॉलिअॅक्रिलेट, आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगते, आणि एक डायपर अख्ख्या मजल्याची लाइन तुंबवू शकतं. डबा फळीच्या खाली किंवा लगत हवा आणि पायाने उघडणारा हवा, कारण हात गुंतलेला आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली डायपर आणि पॅड गुंडाळून वेगळी द्यायला सांगितलं. उत्पादकांनी त्यासाठी पाकिटं पुरवावीत असंही त्यात होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने या प्रश्नावर मनापासून काम केलं. गुंडाळीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला उघडून न पाहता आत काय आहे ते कळतं. डब्याशेजारी जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले कागद आणि दोरीला बांधलेला लाल पेन ठेवायला खर्च जवळजवळ येत नाही. एखाद्या मोठ्या मॉलमध्ये ही गोष्ट दिसली तर मला त्या मॉलबद्दल आदर वाटेल.

सफाईचा एक मुद्दा आवर्जून सांगतो. बाळांच्या जुलाबाला कारण होणारा रोटाव्हायरस कोरड्या पृष्ठभागावरही काही दिवस तग धरतो. हगवणीच्या दुसऱ्या एका नेहमीच्या विषाणूवर, नोरोव्हायरसवर, हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. फळी आधी साबणाच्या पाण्याने पुसायची, मग क्लोरीनच्या सौम्य द्रावणाने, आणि शेवटी साध्या पाण्याने. शेवटचं पाणी टाळलं तर क्लोरीन बाळाच्या त्वचेला लागतं आणि स्टीलवर बारीक खड्डे पडतात. पट्टाही धुवायचा. तो कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सगळ्यात मळका तोच असतो.

हात वाळवण्याचं यंत्र फळीपासून दूर ठेवावं. कॅनडातल्या कॅलगरीची नोरा कीगन शाळकरी मुलगी असतानाची गोष्ट. अशा यंत्रांनी मुलांचे कान दुखतात हे तिच्या ध्यानात आलं. तिने सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या यंत्रांचा आवाज वेगवेगळ्या उंचीवर मोजला. काहींचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला. तिचा अभ्यास २०१९मध्ये बालरोगशास्त्राच्या कॅनेडियन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यंत्राचं तोंड आणि फळीवरच्या बाळाचं डोकं बहुधा जवळपास एकाच पातळीवर येतं. शेजारी कुणी हात वाळवायला घेतले की बाळ दचकून अंग ताणतं, आणि तेव्हाच ते हातातून निसटण्याची भीती असते.

फळी कुठल्या स्वच्छतागृहात लावायची? बायकांच्या, असं उत्तर विचार न करता दिलं जातं. मग बाबा बाळाला घेऊन एकटा बाहेर पडला की गाडीची मागची सीट शोधतो, नाहीतर बेसिनच्या ओल्या कट्ट्यावर काम भागवतो. अमेरिकेत यावर चळवळ झाली. अॅश्टन कुचर या नटाने २०१५मध्ये, नवा बाप झालेला असताना, पुरुषांच्या स्वच्छतागृहांतही फळ्या बसवा अशी मोठ्या दुकानांकडे जाहीर मागणी केली. ऑक्टोबर २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ‘बेबीज अॅक्ट’वर सही केली आणि तिथल्या केंद्र सरकारच्या इमारतींमध्ये लोकांसाठी खुल्या असलेल्या पुरुषांच्या व बायकांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत ही सोय करणं आलं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी त्यानंतर आपापले कायदे केले. आपल्याकडे आजोबा नातवाला घेऊन स्टँडवर बसलेले किती दिसतात! दोन फळ्या परवडत नसतील तर एकच फळी घ्यावी, पण ती दोन्ही दारांच्या बाहेर, सगळ्यांना जाता येईल अशा छोट्या स्वतंत्र खोलीत लावावी.

ती अपंगांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहात मात्र लावू नये. अनेक जण तसं करतात, कारण तिथे जागा असते. उघडी राहिलेली फळी चाकाच्या खुर्चीची वाट अडवते, आणि ज्याला दुसरं कुठलंच स्वच्छतागृह वापरता येत नाही तो बाहेर ताटकळतो. ब्रिटनच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत चाकाच्या खुर्चीसाठीची स्वच्छतागृहं बाळांच्या कामाला वापरू नयेत असं म्हटलं आहे. त्याच देशात ‘चेंजिंग प्लेसेस’ ही मोहीम उभी राहिली, आणि ती आपण नीट समजून घ्यायला हवी. सेरेब्रल पाल्सीसारख्या अवस्थेतलं दहा-बारा वर्षांचं मूल किंवा प्रौढ माणूसही डायपरवर असू शकतो. भिंतीवरची छोटी फळी त्यांना पुरत नाही, आणि त्यांच्या आयांना सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या जमिनीवर मुलाला झोपवावं लागतं. मोहिमेने मागितली ती १२ चौरस मीटरची खोली, उंची कमीजास्त होणारा मोठ्या माणसाच्या मापाचा बाक आणि छताला उचलण्याचं यंत्र. २०२१पासून इंग्लंडमधल्या ठरावीक मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींना अशी खोली बंधनकारक झाली. आपल्या मोठ्या रुग्णालयांत आणि विमानतळांवर निदान मोठ्या मापाचा एक बाक ठेवायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्रात तान्ह्या बाळांच्या सोयीला एक ओळखीचं नाव आहे: हिरकणी कक्ष. घरी राहिलेल्या तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव एसटीने स्टँडवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना दिलं. पण खोली असणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं. डिसेंबर २०२२मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलं काही आठवड्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या आणि विधान भवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्या अधिवेशनाला त्या बाळासह मुंबईत आल्या, तेव्हा कक्षात धूळ होती आणि सोयी नव्हत्या. त्यांनी ते माध्यमांसमोर सांगितलं, सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राज्याच्या सर्वोच्च सभागृहात हे घडतं, तर तालुक्याच्या स्टँडवरच्या बाईने कुणाला सांगायचं? फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मातृस्पर्श’ या उपक्रमाच्या याचिकेवर निकाल दिला. सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाची आणि बालसंगोपनाची सोय असावी आणि नव्या इमारतींच्या नियोजनातच तिला जागा द्यावी, ही भूमिका न्यायालयाने घेतली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचं ते खंडपीठ होतं.

काम पूर्ण झाल्याचं बिल काढण्याआधी एक चाचणी करावी. दहा किलो तांदळाची पिशवी फळीवर ठेवायची. ठेकेदाराने डावा हात तिच्यावर ठेवायचा आणि तो न उचलता पट्टा बांधायचा, हुकावरच्या पिशवीतून रुमाल काढायचा, नळ सोडायचा, रुमाल भिजवायचा, डब्याचं झाकण उघडून त्यात काहीतरी टाकायचं. मग पिशवी कडेवर घेऊन एका हाताने फळी मिटायची. जिथे डावा हात उचलावा लागेल तिथे काहीतरी सरकवायला हवं आहे. हीच चाचणी दर तीन महिन्यांनी सफाईच्या ताईंकडून करून घ्यावी आणि वरचे स्क्रू हाताने हलवून पाहावेत. खोलीला कुलूप लावायची वेळ येते ती बहुधा आत सामान ठेवलं जातं म्हणून: बादल्या, मोडक्या खुर्च्या, दिवाळीच्या माळा. त्यासाठी वेगळी जागा द्यावी. खोलीला आतून कडी असावी, बाहेरून कुलूप नसावं, आणि दारावर बाळाचं चित्र असावं, ज्यात बाळाला धरणारी आकृती साडीतली नाही आणि पॅंटमधलीही नाही.